फॅटी लिव्हरच्या रिपोर्टवर हृदयाची गोळी?

मधली_सुट्टी

नवऱ्याची ऑफिसतर्फे वार्षिक तपासणी झाली. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर शेवटी एक ओळ आली: "फॅटी लिव्हर, ग्रेड १". वय ५२, वजन ८४ किलो, पोट सुटलेलं, त्रास कसलाच नाही. पहिल्या डॉक्टरांनी कागद परत देत सांगितलं, "हे हल्ली खूप जणांना असतं, जरा चालत जा." दुसऱ्या डॉक्टरांनी लिव्हरवर दोन वाक्यं खर्ची घातली आणि उरलेला वेळ भलतंच विचारत बसले. वडिलांना झटका कितव्या वर्षी आला, जिना चढताना दम लागतो का, झोपेत घोरता का. बीपी दोन्ही हातांवर मोजलं. आणि चिठ्ठीवर काय, तर स्टॅटिन, कोलेस्टेरॉलची गोळी! लिव्हरसाठी एकही औषध नाही.

आता घरात दोन तट पडलेत. सासूबाई म्हणतात, आधीच लिव्हर बिघडलंय, त्यात कोलेस्टेरॉलची गोळी लिव्हरवरच जाते. गोळीच्या पाकिटातल्या कागदावर लिव्हरबद्दलचा इशारा छापलाय, तो त्यांनी भिंग लावून मोठ्याने वाचून दाखवला. नवरा खूश, कारण गोळी टाळायला आयतं निमित्त मिळालं.

आकडे देते. लिव्हरची एन्झाइम्स एसजीओटी ४८, एसजीपीटी ६४, प्लेटलेट १ लाख ९० हजार. ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २१२, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३६, एलडीएल (वाईट) १४१, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१, बीपी १३८/८८. दारू जवळजवळ नाहीच.

फॅटी लिव्हर आणि हृदय यांचा खरंच एवढा संबंध आहे का? आणि अशा लिव्हरवर स्टॅटिन चालतं का?

रिकामटेकडा

ताई, काळजी सोडा. माझ्या रिपोर्टवर हीच ओळ वर्षानुवर्षं येतेय. वय ६८, ठणठणीत आहे. लिव्हर दुखत नाही, मग कशाला उकरून काढायचं?

पाणपोई

मी फिजिशियन आहे, लिव्हरतज्ज्ञ नाही. इथे वाचून कुणी औषध सुरू किंवा बंद करू नये, हे आधीच सांगतो.

दुसऱ्या डॉक्टरांचा रोख बरोबर आहे. फॅटी लिव्हर असलेल्या माणसांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तर त्यांच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण लिव्हर नसतं. ते असतं हृदय आणि रक्तवाहिन्या. त्याखाली लिव्हरबाहेरचे कॅन्सर, आणि त्यानंतर लिव्हर. जगभरातल्या प्रौढांपैकी साधारण ३० टक्के लोकांना हा आजार आहे. त्यातल्या थोड्यांचंच लिव्हर सिरॉसिसपर्यंत, म्हणजे व्रणांनी आक्रसून निकामी होण्यापर्यंत, जातं. म्हणून "सगळ्यांनाच असतं" हे वाक्य लिव्हरपुरतं एकवेळ चालेल, हृदयासाठी ते घातक आहे. बीपीही खूप जणांना असतं की.

हे कसं घडतं ते सांगतो. इन्सुलिनला शरीर दाद देईनासं झालं, की पोटावरची चरबी विरघळून फॅटी ॲसिड्स रक्तात सुटत राहतात आणि लिव्हरमध्ये येऊन साठतात. २००५ सालच्या एका छोट्या पण गाजलेल्या अभ्यासात लिव्हरमधल्या चरबीचा माग काढला होता. ५९ टक्के चरबी अशी रक्तातून आलेली, २६ टक्के लिव्हरने स्वतः साखरेपासून बनवलेली, आणि जेवणातल्या तेलातुपातून थेट आलेली फक्त १५ टक्के. त्यामुळे तेल बंद करून गोड पेयं चालू ठेवणाऱ्यांच्या लिव्हरला विशेष फरक पडत नाही.

भरलेलं लिव्हर गप्प बसत नाही. जादा चरबी व्हीएलडीएल नावाच्या कणांत भरून ते रक्तात सोडतं. म्हणून ट्रायग्लिसराइड वाढतात, एचडीएल खाली येतं, आणि एलडीएलचे कण लहान व दाट होतात. असे कण रक्तवाहिनीच्या भिंतीत सहज शिरतात. साखर बनवणं थांबव, हा इन्सुलिनचा निरोप लिव्हर ऐकत नाही, म्हणून उपाशीपोटीची साखर चढते. शिवाय सीआरपी, फायब्रिनोजेन, पीएआय-१ ही दाह आणि रक्ताच्या गुठळ्यांशी संबंधित प्रथिनं वाढतात, त्यातली बरीचशी लिव्हरमध्येच तयार होतात.

आता तुमच्या यजमानांचे आकडे परत वाचा. ट्रायग्लिसराइड २१२, एचडीएल ३६, एचबीएवनसी ६.१. त्या कागदावर सगळ्यात कमी चिंतेची ओळ बहुधा सोनोग्राफीचीच आहे.

शंकासुर

डॉक्टर, लेख चांगला, पण मला एक गोष्ट खटकते. फॅटी लिव्हर कुणाला होतं? ज्याचं पोट सुटलंय, शुगर वाढलीय, बीपी आहे त्याला. हार्ट ॲटॅक कुणाला येतो? त्यालाच. मग लिव्हरचा दोष काय? कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली एवढंच.

नुसता तर्क करत नाही. २०१९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये चार युरोपीय देशांतल्या सुमारे १ कोटी ७७ लाख लोकांच्या नोंदी तपासलेला अभ्यास आला होता. वय आणि धूम्रपान जुळवल्यावर फॅटी लिव्हरवाल्यांना हार्ट ॲटॅकचा धोका १७ टक्के जास्त दिसला. मग बीपी, डायबेटिस, कोलेस्टेरॉल हेही हिशेबात धरलं, तर तो १ टक्क्यावर आला. म्हणजे शून्यच. यावर काय म्हणणं आहे?

पाणपोई

हा अभ्यास महत्त्वाचा आहे आणि हा प्रश्न यायलाच हवा होता.

तुम्ही दिलेल्या १ कोटी ७७ लाखांपैकी फॅटी लिव्हरचं निदान नोंदवलेले लोक होते सुमारे १ लाख २० हजार, म्हणजे शंभरात एकही नाही. प्रत्यक्षात तिथेही चार-पाच माणसांमागे एकाला हा आजार असतो. मग बाकीचे कुठे गेले? ते "आजार नाही" या गटात बसले होते. ज्यांच्याशी तुलना करायची त्यांच्यातच इतके रुग्ण लपलेले असतील, तर फरक पुसट होणारच. दुसरं, त्या नोंदींमध्ये लिव्हरवर व्रण किती हे बहुतेकांचं माहीतच नव्हतं.

उलट बाजूने २०२१ मध्ये ३६ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण आलं, सुमारे ५८ लाख लोकांचं. त्यात हृदय-रक्तवाहिन्यांच्या घटनांचा धोका फॅटी लिव्हरवाल्यांत साधारण ४५ टक्के जास्त होता. आजार पुढे गेलेला असेल, विशेषतः फायब्रोसिस म्हणजे व्रण असतील, तर धोका अडीच पट होता.

आणि "बाकी घटक हिशेबात धरले तर संबंध उरत नाही" यातही एक गोम आहे. ट्रायग्लिसराइड आणि साखर लिव्हरमुळेच वाढत असतील, तर तेच आकडे वजा केल्यावर लिव्हरचा हात दिसेल कसा? तरीही मी छातीठोकपणे "स्वतंत्र कारण" असं म्हणणार नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२२ मध्ये या विषयावर वेगळं निवेदन काढलं. फॅटी लिव्हर हा हृदयविकाराचा धोका वाढवणारा घटक आहे आणि तो वेळेत ओळखला जात नाही, असं त्यांचं म्हणणं आहे.

गुणसूत्र

दोघांच्या मध्ये पडतो, कारण जनुकांची गोष्ट कुणी काढलीच नाही आणि मला त्यातच रस आहे.

पीएनपीएलए३ नावाचं जनुक आहे. त्यातला एक बदल लिव्हरमध्ये चरबी साठवतो, हे २००८ मध्ये कळलं. हा बदल जन्मजात असलेल्यांना फॅटी लिव्हर जास्त, सिरॉसिसही जास्त. शंकासुर म्हणतात त्याच्या उलट, लिव्हर निर्दोष नसेल आणि चरबी स्वतःच हृदयाला मारत असेल, तर या लोकांना हार्ट ॲटॅकही जास्त यायला हवेत. पण येत नाहीत. किंचित कमीच दिसतात. टीएम६एसएफ२ या दुसऱ्या जनुकाचं तर आणखी स्पष्ट आहे. त्यातल्या बदलामुळे लिव्हरला चरबी व्हीएलडीएलमधून नीट बाहेर टाकता येत नाही. लिव्हर भरतं, पण रक्तातलं कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड उतरतात, आणि हृदयविकारही कमी होतो.

लोमिटापाइड हे औषधही असंच वागतं. लिव्हरमधून बाहेर पडणारे कण ते रोखतं. एलडीएल झपाट्याने खाली येतं आणि लिव्हरमध्ये चरबी वाढते.

माझा निष्कर्ष असा की लिव्हरमध्ये अडकून पडलेली चरबी लिव्हरला त्रास देते, आणि लिव्हरने रक्तात ढकललेली चरबी रक्तवाहिन्यांना. बहुतेक फॅटी लिव्हर इन्सुलिनच्या घोटाळ्यातून आलेलं असतं आणि त्यात दोन्ही घडतं. म्हणून २०२३ मध्ये या आजाराची व्याख्या बदलली तेव्हा लिव्हरमधल्या चरबीबरोबर वजन किंवा कंबर, साखर, बीपी, ट्रायग्लिसराइड, एचडीएल यांपैकी निदान एक बिघडलेलं असणं ही अट घातली. मधली_सुट्टी यांच्या यजमानांकडे पाचही आहेत.

शंकासुर

हे पटण्यासारखं आहे. म्हणजे कागदावरची लिव्हरची ओळ आरोपी असेलच असं नाही, पण साक्षीदार नक्की आहे. तेवढं मान्य.

आकडेमोड

थोडं हिशेबाचं काम करतो. ग्रेड १, २, ३ ही सोनोग्राफीतली प्रत पडद्यावर लिव्हर किती पांढरं चमकतं यावरून ठरते. शेजारच्या मूत्रपिंडापेक्षा ते उजळ दिसलं की ग्रेड १. आतल्या रक्तवाहिन्यांच्या कडा पुसट झाल्या की २. मागचा श्वासपटलाचा पडदाच दिसेना की ३. यातून चरबीचा अंदाज येतो, व्रणांचा नाही. ग्रेड १ म्हणजे सौम्य आजार, हा समज त्यामुळे फसवा आहे. चरबी पाचवा हिस्सा भरण्याआधी सोनोग्राफीला बऱ्याचदा ती दिसतही नाही.

व्रणांचा पहिला अंदाज घरबसल्या येतो, त्याला फिब-४ म्हणतात. वय गुणिले एसजीओटी, भागिले प्लेटलेट हजारांत गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. इथे ५२ × ४८ = २४९६. खाली ६४ चं वर्गमूळ ८, म्हणून १९० × ८ = १५२०. उत्तर १.६४.

१.३ च्या खाली असतं तर व्रण असण्याची शक्यता कमी म्हणून सोडून देता आलं असतं. २.६७ च्या वर असतं तर थेट लिव्हरतज्ज्ञ. हे मधलं आहे, म्हणजे फायब्रोस्कॅन करायला हवा, त्यात लिव्हर किती कडक झालंय ते किलोपास्कलमध्ये मोजतात.

रिकामटेकडा

माझंही काढा बघू. वय ६८, एसजीओटी ३६, एसजीपीटी ३६, प्लेटलेट १ लाख ७० हजार. लॅबने दोन्ही नॉर्मल छापलंय.

आकडेमोड

६८ × ३६ = २४४८. १७० × ६ = १०२०. उत्तर २.४. पासष्टीनंतर वयामुळेच आकडा फुगतो, म्हणून खालची सीमा १.३ ऐवजी २.० धरतात. तरी तुमचं वरच आहे. एसजीपीटी नॉर्मल असूनही व्रण असू शकतात, फायब्रोस्कॅन करून घ्या. फक्त चाचणीआधी निदान तीन तास काही खाऊ नका, पोट भरलेलं असलं की आकडा खोटा चढतो.

टिकली

आमच्याकडे दिरांना असंच निघालं तेव्हा कुणीतरी "लिव्हर टॉनिक" लिहून दिलं. बाटल्यांवर बाटल्या संपल्या. त्या सगळ्या काळात कुणी बीपीला हात लावला नाही. शेवटी छातीत दुखलं म्हणून ॲडमिट केलं तेव्हा दोन वाहिन्यांत ब्लॉक निघाले. लिव्हर मात्र फायब्रोस्कॅनमध्ये बरं होतं! वाचले, आता व्यवस्थित आहेत. पण त्या बाटल्यांचा राग अजून जात नाही.

पाणपोई

टिकली, हेच वारंवार दिसतं. लिव्हरचं नाव निघालं की सगळ्यांची नजर लिव्हरवर खिळते. डिटॉक्सची पुडकी, हिरवे रस, टॉनिक, यांपैकी कशानेही व्रण किंवा झटके कमी होतात असा भरवशाचा पुरावा नाही. "नैसर्गिक" म्हणून विकल्या जाणाऱ्या काही अर्कांनी तर लिव्हरलाच इजा होते.

आता स्टॅटिन. सासूबाईंची भीती निराधार नाही, जुनी आहे. सुरुवातीच्या काळात थोड्या लोकांत एसजीपीटी वाढलेलं दिसलं, म्हणून दर काही महिन्यांनी तपासणी करा असा सल्ला होता. पुढे लक्षात आलं की गंभीर इजा फारच विरळा होते आणि अशा नियमित तपासणीने ती आधी पकडताही येत नाही. २०१२ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने नियमित लिव्हर तपासणीची शिफारस काढून टाकली. सुरू करण्याआधी एकदा करा आणि नंतर लक्षणं दिसली तर करा, इतकंच ठेवलं.

त्याहून बोलकी गोष्ट २०१० मध्ये लॅन्सेटमध्ये आली होती. हृदयविकार असलेल्या रुग्णांच्या ग्रेस नावाच्या ग्रीक अभ्यासात ४३७ जणांचं एसजीपीटी मुळातच थोडं वाढलेलं होतं, बहुधा फॅटी लिव्हरमुळे. त्यांच्यात स्टॅटिन घेणाऱ्यांपैकी १० टक्के लोकांना पुढे हृदयाची घटना घडली, न घेणाऱ्यांपैकी ३० टक्के. आणि घेणाऱ्यांचं एसजीपीटी वाढलं नाही, उतरलं. हे विश्लेषण नंतर केलेलं होतं, त्यामुळे आकडा ताणायचा नाही. पण ज्यांना स्टॅटिन "लिव्हरमुळे" नाकारलं जातं, त्यांनाच त्याचा फायदा जास्त, हे त्यातून ठळक दिसतं.

स्टॅटिन कुठे नको? लिव्हर पूर्ण खचलेलं असेल, पोटात पाणी, कावीळ, किंवा अचानक लिव्हर निकामी झालेलं असेल तिथे. एसजीपीटी मर्यादेच्या तिपटीच्या वर असेल तर आधी कारण शोधायचं. ६४ त्याच्या जवळपासही नाही.

मधली_सुट्टी

खूप खूप आभार. हे सगळं सासूबाईंना वाचून दाखवलं. ग्रीक अभ्यासाचा आकडा ऐकून त्या म्हणाल्या, "मग पाकिटात तो कागद घालतात कशाला?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

फायब्रोस्कॅन झाला. ६.९ किलोपास्कल, चरबीचा आकडा २९०. गोळी सुरू झाली, बीपी रोज सकाळी घरी मोजतोय. वजनाचं काय करू? त्याला एका महिन्यात दहा किलो उतरवायचेत. एकवेळच जेवणार म्हणतो.

आकडेमोड

८ किलोपास्कलच्या खाली म्हणजे पुढच्या टप्प्याचे व्रण असण्याची शक्यता कमी. लिव्हरच्या बाजूने चांगली बातमी. २९० म्हणजे चरबी मात्र भरपूर.

घामाघूम

महिन्यात दहा किलो अजिबात नको! वजन फार वेगाने उतरलं की पित्ताशयात खडे होतात आणि लिव्हरचा दाह उलट वाढू शकतो. आठवड्याला अर्धा ते एक किलो पुरे.

आणि किती उतरवायचं याला बऱ्यापैकी ठोस आकडे आहेत. ५ टक्के वजन गेलं की लिव्हरमधली चरबी घटते. ७ टक्क्यांच्या पुढे दाह निवळण्याची शक्यता वाढते. २०१५ च्या एका अभ्यासात १० टक्के किंवा जास्त वजन घटवलेल्यांपैकी ४५ टक्के लोकांचे व्रणही मागे हटले होते. ८४ किलोवाल्याला १० टक्के म्हणजे ८.४ किलो. वर्षभरात होण्यासारखं आहे.

काटा हलला नाही तरी व्यायामाने लिव्हरची चरबी कमी होते, हे लोकांना सांगत राहावं लागतं. आठवड्याला १५० मिनिटं दम लागेल असं चालणं, आणि जोडीला वजनं उचलणं. माझ्या बॅचमधला एक जण तीन महिने काट्यावर रुसून व्यायाम सोडायला निघाला होता. ट्रायग्लिसराइडचा नवा रिपोर्ट बघितला आणि थांबला.

शंकासुर

आणि त्या नव्या इंजेक्शनांचं काय? सगळीकडे त्याचीच चर्चा.

पाणपोई

थोडक्यात सांगतो. लिव्हरच्या दाहासाठी आणि मध्यम ते जास्त व्रण असलेल्यांसाठी अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये रेसमेटिरोम या गोळीला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सेमाग्लुटाइड या इंजेक्शनला मान्यता मिळाली. सेमाग्लुटाइडचं हृदयाच्या बाजूचं काम आधीच दिसलं होतं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सिलेक्ट चाचणीत, डायबेटिस नसलेल्या पण वजन जास्त आणि आधीच हृदयविकार असलेल्या लोकांत मोठ्या घटना २० टक्क्यांनी घटल्या. रेसमेटिरोमने एलडीएल उतरतं, पण त्याने झटके कमी होतात हे अजून सिद्ध व्हायचं आहे. ६.९ किलोपास्कलवाल्या माणसाला लिव्हरसाठी यांपैकी काहीच लागत नाही.

मधली_सुट्टी, स्टॅटिन सुरू होऊन दोनेक महिने झाले की लिपिड परत करा. एलडीएलबरोबर नॉन-एचडीएलही बघा, म्हणजे एकूण कोलेस्टेरॉल वजा एचडीएल. ट्रायग्लिसराइड जास्त असलेल्यांत तो आकडा जास्त खरं बोलतो. घरच्या बीपीची वही डॉक्टरांना दाखवा. घरी सरासरी १३५/८५ च्या वर राहत असेल तर त्यावर निर्णय घ्यावा लागेल. आणि घोरण्याचा प्रश्न विनाकारण विचारला नव्हता, झोपेत श्वास अडत असेल तर बीपी आणि लिव्हर दोन्ही बिघडतात.

कोरी_पाटी

धागा उशिरा वाचला. माझा प्रश्न उलटा आहे. मी सडपातळ, वजन ५४ किलो, उंची पाच फूट चार इंच, आणि तरी फॅटी लिव्हर निघालंय. शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल सगळं नॉर्मल. दारू नाही. मलाही हृदयाची भीती आहे का?

पाणपोई

तुमचा बीएमआय २०-२१ च्या आसपास येतो, म्हणजे आशियाई वंशासाठीच्या २३ या सीमेच्याही खाली. आधी कंबर मोजा, बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून. वजन कमी आणि कंबर जास्त असं खूप जणांत असतं, आणि चरबी आतल्या अवयवांभोवती असली की काट्यावर कळत नाही.

कंबरही ठीक असेल तर दुसरी कारणं शोधायला हवीत. थायरॉइड, हिपॅटायटिस सी, आणि वय कमी असेल तर विल्सन्स डिसीज (शरीरात तांबं साठण्याचा आजार). स्टिरॉइड, टॅमॉक्सिफेन, मेथोट्रेक्सेट, ॲमिओडॅरोन यांपैकी काही चालू आहे का? अलीकडे वजन झपाट्याने घटलं होतं का? गुणसूत्र यांनी सांगितलेले जनुकीय बदलही सडपातळ लोकांत आढळतात. तसं असेल तर हृदयापेक्षा लिव्हरवर जास्त लक्ष ठेवावं लागेल. तुमचा फिब-४ किती येतो?

कोरी_पाटी

थायरॉइडची गोळी चालू आहे, पण टीएसएच बरेच दिवस तपासलेलं नाही. उद्या करून घेते, प्लेटलेटसकट. आकडे टाकते.